वसंताची तयारी पौषात

पौष लागला की जळगाव आणि धुळ्याच्या रोपवाटिका रंगांनी भरून जातात. पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, झेंडू, शेवंती अशी रोपे घरी येतात, अंगण उजळते आणि महिना-दीड महिना सारे घर त्यांच्या कौतुकात रमते. पुढे महाशिवरात्र उलटते, दुपारची उन्हे टोचू लागतात आणि ही रोपे एकेक करून माना टाकतात. गुढीपाडव्याच्या सकाळी कडुनिंबाच्या डहाळीबरोबर घरचे एखादे फूल गुढीला बांधावे असे मनात येते, तेव्हा परसात रिकाम्या कुंड्या उरलेल्या असतात. अनेक वाचकांचा हा दरवर्षीचा अनुभव असेल. त्यात आपल्या हाताचा दोष नाही. यांतील बहुतेक रोपांचा जन्मच एका हंगामापुरता असतो, आणि तो हंगाम आपल्याकडे लवकर संपतो.

या पंधरवड्यात आपण दुसऱ्या जातीच्या झाडांचा विचार करू. एकदा लावली की ती वर्षानुवर्षे घरात राहतात, पावसाळ्यात वाढतात, थंडीत मंदावतात आणि फाल्गुन-चैत्राच्या संधीवर फुलू लागतात. वनस्पतिशास्त्र त्यांना बहुवर्षायू म्हणते. आपल्या आजीच्या परसात बहुधा हीच झाडे होती. त्यांच्या वसंतातील फुलण्याची तयारी मात्र आत्ता, पौषातच करावी लागते, आणि या तयारीचा पहिला भाग म्हणजे पाणी कमी करणे.

आपला वसंत निराळा

पंचांगाप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. कोकणात किंवा पुण्यात त्यांचे रूप सौम्य असेल. खान्देशात मात्र याच दोन महिन्यांत तापीच्या खोऱ्यातील ऊन चढत जाते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही जळगाव-भुसावळकरांना नवलाची गोष्ट राहिलेली नाही. उलट पौषात धुळ्याला पहाटेचे तापमान १० अंशांखाली उतरते. थंडी आणि कडक ऊन यांच्यामधला सुखाचा काळ आपल्या वाट्याला फार थोडा येतो. झाडांना फुलायचे असते ते याच अरुंद काळात, आणि पुढे वाढत्या उन्हात तो बहर टिकवायचाही असतो.

डोंगरांच्या पायथ्याशी फाल्गुनात जाऊन पाहिले, तर रानातील झाडांनी हा पेच कसा सोडवला आहे ते दिसते. यावल अभयारण्यातील पालच्या परिसरात किंवा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या रानात त्या दिवसांत पाण्याचा थेंब पडलेला नसतो. जमीन तडकलेली असते. तरीही पळस पेटल्यासारखा फुललेला असतो आणि त्याच्या फांद्यांवर पाने जवळजवळ नसतात. पानांतून सतत पाण्याची वाफ होत असते. पळस ती पाने थंडीतच गाळून टाकतो, उरलेला ओलावा आणि साठवलेले अन्न फुलांसाठी राखतो, आणि पानांचा आडोसा नसल्यामुळे ती फुले पक्ष्यांना लांबूनही दिसतात. पांगाऱ्याची रीतही तीच.

थंड प्रदेशात हेच काम बर्फ करतो. काश्मीरच्या बागांतून एप्रिलमध्ये फुलणाऱ्या ट्युलिपच्या कंदाला साधारण १२ ते १६ आठवड्यांची कडक थंडी लागते. तेवढी विश्रांती मिळाल्याखेरीज तो नीट फुलत नाही. म्हणूनच ट्युलिप किंवा डॅफोडिलचे कंद सुंदर चित्र पाहून मागवले, तरी जळगावच्या गच्चीवर त्यांचा निभाव लागणे कठीण. वसंतात फुलणाऱ्या बहुतेक झाडांमागे विश्रांतीचा एक काळ असतो. त्यांच्याकडे तो थंडीने मिळतो, आपल्याकडे तो मुख्यतः कोरडेपणाने मिळतो.

शेतकऱ्याचा ताण, परसातला ताण

ही गोष्ट खान्देशातील फळबागायतदाराला कोणी शिकवावी लागत नाही. लिंबू, मोसंबी, डाळिंब यांचा बहार धरायचा असेल, तर तो आधी बागेचे पाणी तोडतो. आंबे बहार, मृग बहार आणि हस्त बहार या तीन बहारांपैकी आंबे बहारासाठी हा ताण थंडीत दिला जातो. पाणी थांबले की नवी पालवी फुटणे थांबते, पाने फिकट होतात, काही गळतात. वाढीत खर्च होणारे अन्न फांद्यांत साठू लागते. मग बागायतदार वाळक्या फांद्या काढतो, खत देतो आणि पाणी सोडतो, तेही एकदम भरपूर नाही. पहिले पाणी हलके, दुसरे त्याहून थोडे अधिक, आणि त्यानंतर नेहमीचे. थोड्याच दिवसांत बाग फुलाने लगडते.

आपल्या या पाक्षिकात ‘ताण’ हा शब्द एरवी मनाच्या संदर्भात येतो आणि तो कमी कसा करावा हेच आपण वाचतो. बागेतील ताणाला मात्र एक मर्यादा ठरलेली असते. शेतकरी दिवस मोजतो, पानांवर नजर ठेवतो, जमीन हलकी असेल तर ताण लवकर सोडतो, भारी असेल तर थोडा लांबवतो. मर्यादा ओलांडली तर फुलाऐवजी झाडच हातचे जाते. परसात ताण देताना हे मोजमाप विसरू नये.

घरच्या मोगऱ्यावर हा प्रयोग सर्वांत चांगला साधतो. मोगऱ्याची फुले नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून जितक्या जोमदार नव्या फांद्या तितकी फुले. जमिनीत, विशेषतः आपल्या काळ्या मातीत लावलेला जुना मोगरा असेल, तर पौषाच्या सुरुवातीपासून त्याचे पाणी तीन ते चार आठवडे पूर्ण बंद करावे. कुंडीतल्या मोगऱ्याला इतकी तहान सोसत नाही. त्याला दहा ते पंधरा दिवस पुरेत, आणि त्या काळातही चार-पाच दिवसांनी थोडेसे पाणी द्यावे. पाने पिवळसर होऊन काही गळू लागली, की ताण पुरेसा झाला असे समजावे. फांद्या सुरकुतू लागेपर्यंत थांबू नये.

त्यानंतर छाटणी. धारदार सिकेटर घ्यावा आणि झुडूप साधारण गुडघ्याच्या उंचीवर कापावे. कमकुवत, वाळलेल्या आणि आत वळलेल्या फांद्या बुडापासून काढाव्यात. उरलेली पानेही हाताने खुडून टाकावीत. बोडके झालेले झाड पाहून घरातील मंडळी हळहळतील. तिकडे लक्ष देऊ नये. मग आळ्यातील वरची माती दोन बोटे खोल हलवावी, मुळांना धक्का न लावता कुंडीमागे दोन-तीन ओंजळी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड मिसळावी, आणि शेतकऱ्याप्रमाणेच हलक्या पाण्याने सुरुवात करावी.

जानेवारीच्या मध्यास ही छाटणी झाली, तर होळीच्या सुमारास कळ्या दिसू लागतात आणि पाडव्याला घरचा मोगरा मिळण्याची आशा धरता येते. पहिला बहर ओसरला की फुले येऊन गेलेली टोके चार बोटे खुडावीत व पुन्हा थोडे खत द्यावे. पाडव्यापासून सव्वा महिन्याच्या आत अक्षय्य तृतीया येते. खान्देशात ती आखाजी. माहेरी आलेल्या लेकी, झाडाला बांधलेला झोका, गौराईची गाणी आणि पितरांच्या नावाने पूजलेली पाण्याची घागर, या साऱ्यात मोगऱ्याची ओंजळ शोभून दिसते. दुसरा बहर त्याच सुमारास यावा, असा बेत सहज करता येतो.

कोणती झाडे निवडावीत

मोगऱ्याला अग्रमान द्यावाच. बटमोगरा, मदनबाण, हजारी मोगरा असे त्याचे अनेक प्रकार रोपवाटिकांत मिळतात. त्याला दिवसातून पाच-सहा तासांचे ऊन हवे. सावलीत ठेवलेला मोगरा पाने देतो, फुले देत नाही. हेच झुडूप फिलिपिन्सचे राष्ट्रीय फूल आहे. १९३४ साली त्याला तो मान मिळाला. कळ्या सायंकाळी टपोऱ्या झाल्या की काढाव्यात, त्या रात्री घरात उमलतात. माठाजवळ ठेवलेल्या एका वाटीनेही खोली प्रसन्न होते.

दुसरी मधुमालती. तिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि पुढे लाल. त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. तिची जागा घराच्या पश्चिमेला असावी, आणि याचे कारण सौंदर्यापेक्षा आरोग्याचे आहे. खान्देशात दुपारभर तापलेली पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता आत सोडत राहते, आणि त्या खोलीत झोपणारे लहान मूल किंवा वृद्ध माणूस रात्रभर तळमळते. भिंतीपासून वीतभर अंतरावर तारेची किंवा बांबूची जाळी उभी करून तिच्यावर वेल चढवली, तर ऊन भिंतीवर थेट पडत नाही, मधून हवा खेळती राहते आणि वेल थेट भिंतीला चिकटून तिथे ओल धरत नाही. पौषात या वेलीच्या जुन्या फांद्या निम्म्याने छाटाव्यात. तिचाही बहर नव्या फुटीवर येतो.

तिसरी बोगनवेल. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. १७६७ साली बूगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्द्याच्या जगप्रवासात कोमर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये तिची नोंद केली आणि प्रवासाच्या नायकाचे नाव तिला मिळाले. आपण जिला फूल म्हणतो ती खरे तर रंगीत पाने असतात. आतली लहान पांढरट नळी हे खरे फूल. पाणी जितके जपून द्यावे तितकी ती अधिक रंगते. ‘वेल हिरवीगार आहे पण फुलत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा अतिपाण्याची असते. पाणीटंचाईच्या गावात याहून समजूतदार सोबती मिळणार नाही. तिची मोठी छाटणी मात्र पावसाळा संपल्यावर करावी. पौषात फक्त वाळलेल्या काटक्या काढाव्यात.

चौथा पांढरा चाफा. थंडीत तो पाने गाळून उभा राहतो, तेव्हा अनेकजण झाड वाळले असे समजून त्याला पाण्याने न्हाऊ घालतात, आणि नेमके त्यानेच त्याचे बूड कुजते. त्याच्या जाड, मांसल फांद्यांत पाण्याचा साठा असतो. पाने नसतील तोवर पाणी जवळजवळ बंद ठेवावे, टोकांना हिरवे कोंब दिसू लागले की सुरू करावे. फुलांचे तुरे फांद्यांच्या टोकालाच येतात, म्हणून ती टोके या दिवसांत छाटू नयेत.

पाचवे नाव मे फ्लॉवरचे. कांद्यासारखा हा कंद वर्षातला मोठा भाग मातीत निजलेला असतो. पाने पिवळी पडून गेली की कुंडी कोपऱ्यात कोरडी ठेवावी आणि एप्रिलच्या अखेरीस पाणी द्यायला लागावे. ऐन मे महिन्यात मातीतून एक दांडा वर येतो आणि त्यावर लाल तंतूंचा गोल चेंडू उमलतो. शाळेला सुट्टी असते, मुले घरात असतात. दांडा रोज किती बोटे वाढला हे त्यांनी मोजावे, यासारखा खेळ नाही.

आता ताण कोणाला देऊ नये, तेही सांगितले पाहिजे. अबोली आणि जास्वंद यांना सतत थोडा ओलावा लागतो. त्यांना दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा द्यावी आणि पाणी तोडू नये. गेल्या पावसाळ्यात लावलेली नवी रोपे, रोगट झाडे आणि नुकतीच कुंडी बदललेली झाडे यांनाही या वर्षी तहान सोसायला लावू नये.

माती आणि पाणी

आपली काळी माती कपाशीला वरदान ठरली, परंतु कुंडीत ती एकटी चालत नाही. ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते. वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते, मग घातलेले पाणी कडेने खाली निघून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. दोन भाग माती, एक भाग कुजलेले खत आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण बरे.

या मातीत अनेक ठिकाणी चुनखडीचे प्रमाण जास्त असते. अशा मातीत लोह असले तरी झाडाला ते घेता येत नाही. परिणामी मोगऱ्याची व जास्वंदाची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाच्या कमतरतेचा खुणेचा आजार आहे. पाणी वाढवून तो बळावतो. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस मिसळून सायंकाळी पानांवर फवारावा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. हिराकस मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, आणि फरशीवर सांडू देऊ नये, कारण त्याचे तांबूस डाग जात नाहीत.

उन्हाळ्यात पाण्याचे गणित घरोघरी अवघड होते. बारा इंची कुंडीतल्या मोगऱ्याला एप्रिलमध्ये दिवसाला साधारण दीड-दोन लिटर पाणी लागते. बोगनवेलीला आणि चाफ्याला त्याहून बरेच कमी. म्हणजे सहा-सात कुंड्यांची बाग रोज एका बादलीत भागते. पाणी भल्या पहाटे द्यावे. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, तशी माती ओलसर पण मोकळी असणे हीच मुळांच्या सुखाची अवस्था.

तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी झाडांना खुशाल द्यावे. मिठाचे किंवा साबणाचे देऊ नये. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाहून जाणाऱ्या पाण्यात क्षार अधिक असतात, आणि कूलरच्या टाकीत उरलेले पाणीही वाफ होऊन अधिक क्षारयुक्त झालेले असते. बोअरचे जड पाणी असलेल्या घरात हे पाणी मोगऱ्याला रोज घातले, तर मातीवर पांढरी खार चढते. ते फरशी पुसायला वापरावे.

मातीवर दोन बोटे जाडीचे आच्छादन घातले की निम्मी चिंता मिटते. त्यासाठी बाजारातून काही आणायला नको. केळीची वाळलेली पाने, भुईमुगाची टरफले, गव्हाचा भुसा यांपैकी काहीतरी आपल्या भागात सहज मिळते. गच्चीवरच्या कुंड्या तापलेल्या स्लॅबवर थेट न ठेवता दोन विटांवर ठेवाव्यात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळे अक्षरशः भाजतात. मातीची कुंडी थंड राहते. ती नसेल, तर प्लास्टिकची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळका पाला भरावा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हापुरती हिरवी जाळी वर बांधावी, म्हणजे कळ्या करपत नाहीत.

घरातल्या माणसांसाठी काही सावधगिरी

फुलझाड निवडताना घरात कोण कोण राहते, हे आधी पाहावे. कण्हेर आपल्या हवेत उत्तम वाढते, पाणी मागत नाही आणि उन्हाळाभर फुलते. तरीही रांगणारे मूल असलेल्या घरात ती लावू नये. तिची पाने, फुले, फांद्या, चीक, सारेच विषारी असून त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, बी त्याहून घातक. मुले तिच्या बियांनी खेळतात, म्हणून हा धोका आपल्या अंगणात खरा आहे. मुलाने चुकून काही चावले असा नुसता संशय आला, तरी घरगुती उपायांनी उलटी काढण्यात वेळ घालवू नये. तोंडातील तुकडे काढून टाकावेत, झाडाची एक डहाळी बरोबर घ्यावी आणि तडक रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

सदाफुलीबद्दल थोडे अधिक. ती उन्हाळ्यातही फुलते, दिसायला गोड असते, आणि तिची पाने रोज सकाळी चावली की मधुमेह आटोक्यात येतो, असा समज आपल्याकडे पसरलेला आहे. या समजाची एक कथा आहे. १९५० नंतरच्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल या संशोधकाने मधुमेहावरील औषध म्हणूनच सदाफुलीची पाने तपासायला घेतली होती. उंदरांच्या रक्तातील साखरेत अपेक्षित फरक दिसला नाही. मात्र त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्या निरीक्षणातून चार्ल्स बीअर यांच्या साहाय्याने व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. जो पाला अस्थिमज्जेवर असा परिणाम करतो, तो मापाशिवाय, वैद्यकीय देखरेखीशिवाय रोज खाणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. सदाफुली कुंडीत ठेवावी, पोटात घेऊ नये. चालू असलेली मधुमेहाची गोळी तिच्या भरवशावर बंद करण्याचा विचारही करू नये.

चाफ्याच्या चिकाने त्वचेची आणि डोळ्यांची आग होते. फांदी तोडल्यावर हात धुवावेत. बोगनवेलीचे काटे खोल जातात. छाटणी करताना जाड हातमोजे आणि पायांत बूट असावेत. मधुमेह असलेल्यांनी तर बागेत अनवाणी जाऊच नये, कारण पायाला झालेली बारीक जखम त्यांना लवकर कळत नाही आणि लवकर भरतही नाही.

दम्याचा त्रास असलेल्या घरांतून ‘फुलझाडे ठेवावीत का?’ असा प्रश्न येतो. मोगरा, जास्वंद, मधुमालती यांचे परागकण कीटकांच्या किंवा पक्ष्यांच्या अंगाला चिकटून जाणारे, जड असतात. ते हवेत फारसे तरंगत नाहीत. हवेतून श्वासात जाणारे पराग मुख्यतः गवतांचे. त्यांच्या जोडीला आपल्याकडे मोकळ्या भूखंडावर माजलेले गाजरगवत असते, ज्याच्या स्पर्शाने अंगावर पुरळही उठते. कुंपणाशेजारचे गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटणे अधिक हिताचे. तीव्र सुगंधाने मात्र काहींना डोकेदुखी होते किंवा धाप लागते. अशांच्या शयनगृहाच्या खिडकीखाली रातराणी लावू नये.

कुंडीखालची ताटली, कूलरची टाकी आणि पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे, या तिन्ही ठिकाणी डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची वस्ती होऊ शकते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून ही भांडी नुसती ओतू नयेत, आतून घासून कोरडी करावीत. पक्ष्यांचे पाणी रोजच बदलावे.

शेवटी माळ्याविषयी. बऱ्याच घरांत हे काम आजोबा किंवा आजी करतात, आणि तो त्यांचा दिवसातला सर्वांत आनंदाचा वेळ असतो. फाल्गुनानंतर त्यांनी सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच बागेत जावे. डोक्याला रुमाल किंवा पदर असावा आणि जाण्यापूर्वी पेलाभर पाणी प्यावे. वाकताना गुडघे दुखत असतील, तर मोगऱ्याची कुंडी कट्ट्यावर कमरेच्या उंचीला आणावी. उन्हात काम करताना चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी सुरू झाली, की हातातले काम तिथेच टाकून सावलीत बसावे. अंग तापलेले आहे आणि बोलणे असंबद्ध होत आहे, असे दिसले तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी शिंपडत, वारा घालत त्या व्यक्तीला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

सुरुवात करायला फार काही लागत नाही. या रविवारी घरातील बहुवर्षायू झाडांची एक यादी करावी: कोणाचे पाणी तोडायचे, कोणाचे चालू ठेवायचे, कोणाची छाटणी कधी. पाणी बंद केल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी, म्हणजे ताण सोडण्याचा दिवस चुकणार नाही, आणि घरातल्या एकाने बंद केलेले पाणी दुसऱ्याने मायेपोटी घालण्याचा प्रसंगही टळेल. छाटलेल्या निरोगी फांद्यांचे वीतभर तुकडे वाळूमिश्रित मातीत खोचून सावलीत ठेवले, तर त्यांतील काही मुळे धरतील. पावसाळ्यात शेजारी द्यायला रोपे होतील.

पुढील पंधरवड्यात मोगऱ्यावरील कळी पोखरणारी अळी आणि उन्हाळ्यात पानांवर येणारा लाल कोळी यांचा घरच्या घरी बंदोबस्त कसा करावा, ते पाहू.